वंगाळ नव्हे, चूक

त्या संध्याकाळी मी काठी उगारली होती, असे गावात सांगितले जाते. ते खोटे आहे. काठी मी उगारली नाही, रोखली होती. आणि या दोन क्रियांतला फरक ज्यांना कळत नाही त्यांनी निदान चित्रांविषयी बोलू नये. एका दैनिकाने मला संस्कृतीचा राखणदार ठरवले. माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने मला कलेचा मारेकरी ठरवले. पेन्शनरांच्या बाकावर तर मला म्हातारचळ लागल्याचे एकमताने मंजूर झाले. या तिन्ही हकिगतींत मी आहे, पण जे घडले ते एकीतही नाही.

हा विद्यार्थी आता कसबा बावड्याच्या नव्या वस्तीत चित्रांचे दालन चालवतो. त्याच्या हाताला वळण कधीच नव्हते, म्हणून त्याने इतरांची चित्रे टांगायचा व्यवसाय धरला. त्यात तो बरा आहे. दालन ज्या इमारतीत आहे तिचे मालक माजी नगरसेवक. त्यांची मर्जी आहे तोवर दालन आहे. परदेशी कलावंत आणला म्हणजे मर्जी पक्की होईल, या हिशेबाने त्याने जपानमधल्या एका चित्रकर्तीला बोलावले.

बाई पंचेचाळिशीची, बुटकी, बोटांत शाई मुरलेली. तिच्या देशात लाकडी ठशांवरून शृंगाराची चित्रे छापण्याची जुनी रीत आहे. तीच रीत घेऊन ती आजची माणसे काढते: अंगावर फुलाफुलांचा घोळदार पोशाख, पण उशाशी मोबाइल, भिंतीवर एसी. ती एकाच फळीवर कोरत जाते आणि रंगामागून रंग छापत जाते. शेवटचा रंग छापून होईतो फळीवर कोरायला काही उरलेले नसते. म्हणजे तेच चित्र पुन्हा छापणे नाही. भिंतीवर दहाबारा चित्रे होती आणि प्रत्येकाच्या मोजक्या प्रतींपैकी हीच तिच्याजवळ उरलेली होती. इथून परतल्यावर तीच चित्रे तिच्या गावी मोठ्या प्रदर्शनात लागायची होती. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते प्रदर्शन, असे तिनेच मला चहा पिताना सांगितले होते.

आता निमंत्रणपत्रिकेचा मुद्दा. ‘सरांनी चुकीचा शब्द देऊन मला फसवलं’ असे हा विद्यार्थी सांगत फिरतो. त्याने मला विचारले होते की या प्रकाराला तिकडे जे म्हणतात त्याचे मराठी काय होईल. मी म्हणालो, अक्षरार्थ वसंतचित्रे. पण वसंत हा तिथे नुसता आडपडदा आहे, पडद्यामागे शेज आहे. त्याने पहिला अर्धा भाग छापला. दुसरा अर्धा त्याला ऐकू आला नाही, हा माझ्या मराठीचा दोष नव्हे.

‘वसंतचित्रे’ वाचून मालकांनी घरच्या सगळ्या बायका आणल्या. हळदीकुंकवाहून थेट आलेले महिला मंडळही आले. मालकांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, मंडळी आत शिरली आणि दालनात एकाएकी कुणी खोकेसुद्धा ना. बायका पदर सावरत मागे सरू लागल्या. फक्त मालकांच्या आई, ऐंशीच्या पुढच्या, चष्मा पुसून पहिल्या चित्राशी नाक लावून उभ्या राहिल्या.

“एवढी कापडं अंगावर ठिवून कसला वसंत गं ह्यो?” त्या सुनेला म्हणाल्या. “गरम हुत नसंल व्हय ह्यास्नी?”

सुनेने त्यांना दंडाला धरून बाहेर नेले. जाताना त्या मागे वळून पाहत होत्या. त्या संध्याकाळी चित्रे पाहिलेली तेवढी एकच व्यक्ती.

मालक माझ्या विद्यार्थ्याकडे वळले. “पावणं आणलंसा म्हणून आमी बायामाणसं घेऊन आलो. आन् ह्ये दावताय व्हय?”

“दादा, मलाही आत्ताच कळतंय,” विद्यार्थी म्हणाला. भिंतीवर चित्रे त्याने स्वतः लावली होती. पाहुणी शेजारीच उभी होती. तिला मराठी कळत नव्हते, पण आपल्याला कुणी टाकून दिले हे कळायला भाषा लागत नाही.

“उतरवा न्हाय तर झाका. न्हाय तर उद्यापासनं कुलूप.”

उतरवायची म्हणजे दैनिकाच्या छायाचित्रकारासमोर रिकाम्या भिंती. म्हणून झाकायचे ठरले. विद्यार्थ्याने कागदी चिकटपट्टीचे रीळ आणून पाहुणीच्या हातात दिले आणि तिला इंग्रजीत सांगितले, की आक्षेपार्ह भागांवर तूच लाव, म्हणजे पुढे कुणी आमच्यावर आरोप करणार नाही. चित्रांना काच नव्हती. कागद हाताने केलेला, तंतूतंतूंचा. त्यावर लागलेली पट्टी काढली की थर सोलून येणार. हे तिला ठाऊक होते, मला होते, आणि शिकत असताना त्याचे लक्ष असते तर त्यालाही असते.

तिने शांतपणे विचारले, “कोणता भाग?”

एवढा पुरुषांचा घोळका, आणि एकालाही बोट दाखवता येईना. बायका दारात होत्या ना. मग मालकांना मी दिसलो. “मास्तर, तुमीच दावा की. जल्मभर नागडी माणसं काढायला शिकिवलंय तुमी.” घोळका हसला. कोल्हापुरात मॉडेल समोर बसवून शिकवलेल्या माणसाला हे हसणे नवे नाही. मग सगळ्यांनी सभ्यपणाने भिंतीकडे पाठ केली आणि खिडकीतून मागच्या उसाकडे पाहत उभे राहिले.

मी काठी रोखली ती त्यानंतर.

पहिल्या चित्रात पुरुषाचे कोपर होते. ते खांद्याचे नव्हते. कुठल्या तरी दुसऱ्या माणसाचे आणून जोडल्यासारखे होते. या परंपरेत हाडांना मान नाही, हे मला कुणी शिकवू नये. जुन्या छापचित्रांच्या प्रतिकृती मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तिथे रेषा खोटे बोलते ती समजून उमजून. इथे ती नकळत खोटे बोलली होती. मी काठीचे टोक कोपरावर धरले. पाहुणीने कोपराकडे पाहिले, मग जे झाकायला सांगितले होते तिकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिने पट्टी फाडली आणि कोपरावर लावली.

तेव्हा मला कळले की हिला डोळे आहेत.

दुसऱ्यात मनगट. तिसऱ्यात पोशाखाची नक्षी, जी अर्धी घडीबरोबर वळली होती आणि अर्धी वळायला विसरली होती. चौथ्यात बाईची हनुवटी. जिथे पट्टी हवी असे सगळ्या गावाला वाटत होते ते सगळे उघडेच राहिले. प्रत्येक चित्रापाशी ती थोडी थांबे, वाद घालावा असे तिच्या ओठांवर येई, आणि मग पट्टी फाटल्याचा आवाज होई. सहाव्या की सातव्या चित्रापाशी तिने माझ्याआधीच पट्टी फाडली आणि बरोबर जागी लावली. मी तिला क्रूरपणे वागवले असे म्हणतात. वागवले. एखाद्या चांगल्या हाताला गोड बोलून मारण्याची कला मला अवगत नाही; ती माझ्या विद्यार्थ्याला आहे.

शेवटचे चित्र वयस्क जोडप्याचे होते. दोघे जाड रजईखाली. दिसत होते ते दोन चेहरे आणि रजईबाहेर आलेले म्हातारीचे एक पाऊल, बोटे आत वळलेली. म्हाताऱ्याच्या नाकावर चष्मा तसाच. सगळे काही त्या एका पावलात होते. मी काठी उचलली आणि ती तशीच राहिली. टाचेपासून पाहिले, अंगठ्यापासून पाहिले, रजईची कडा पाहिली, चष्म्याची काडी पाहिली. पाहुणी हातात पट्टीचा तुकडा धरून माझ्या काठीच्या टोकाकडे पाहत होती. त्या क्षणी तिला त्या पट्टीची भीती वाटत होती आणि ती पट्टीचीच वाटही पाहत होती, असे मला वाटले.

“झालं का मास्तर?” मालकांनी पाठमोऱ्यानेच विचारले.

“झालं.”

ते वळले. समोर तेच चित्र. “ह्याच्यावर पट्टी का न्हाय?”

इथे माझा विद्यार्थी म्हणतो की सरांनी एवढेच म्हणायला हवे होते, ‘ह्यात वंगाळ काही नाही.’ रजई होती, पाऊल होते. मालकांनी मान हलवली असती आणि सगळे घरी गेले असते. हे मात्र तो खरे सांगतो. पण मला विचारले गेले ते चित्राविषयी, आणि चित्राविषयी मला दुसऱ्या भाषेत बोलता येत नाही.

मी म्हणालो, “ह्यात चूक नाही.”

“चूक?” मालकांच्या भुवया जवळ आल्या. “चूक म्हंजे?”

मग ते पहिल्यांदाच इतर चित्रांपाशी गेले. कोपरावर पट्टी. मनगटावर पट्टी. हनुवटीवर पट्टी. मधले सगळे ढळढळीत. मागून कुणीतरी फिसकन हसले आणि दारातल्या बायकांपैकी एकीने पदर तोंडात धरला. मालक परत आले. त्यांचा हात माझ्यावर उठला असता तर मला आवडले असते. पण मी म्हातारा, आणि त्यांच्या धाकट्या भावाचा मास्तर. त्यांनी आपल्या ड्रायव्हरला मान हलवून खूण केली. त्याने हाताशी होते तेच रजईचे चित्र चिमट्यांतून ओढले, मधून फाडले, तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा फाडले. हाताने केलेल्या कागदाला फाटताना फारसा आवाज होत नाही.

त्यानंतर मी काठी आपटली, ओरडलो, रडलो, असे जे जे छापून आले ते सगळे रचलेले आहे. मी उभा होतो.

पाहुणीने तुकडे वेचले. पाऊल असलेला तुकडा शेवटी सापडला, ड्रायव्हरच्या चपलेपाशी. मग ती माझ्यासमोर आली आणि तिच्या साध्या इंग्रजीत म्हणाली, “यात चूक नव्हती?”

“नव्हती.”

“मग कुठेही काठी ठेवायची. बाकीच्यांवर ठेवली तशी. एक पट्टी लागली असती, चित्र राहिलं असतं.”

“बरोबर रेषेला चूक म्हणून मी कधी दाखवले नाही.”

“त्या माणसाचे फक्त हात होते,” ती म्हणाली. “फाडलं तुम्ही.”

माझा विद्यार्थी लगबगीने पुढे झाला. “सर, ती तुमचे आभार मानतेय,” त्याने मला मराठीत सांगितले, आणि आजही तो सगळीकडे तेच सांगतो, की जपानी बाईने निघताना सरांचे आभार मानले. मला इंग्रजी येते. तिने आभार मानले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा तो वाफेने पट्ट्या सोडवू पाहत होता. तिने त्याच्या हातातून चित्रे काढून घेतली आणि पट्ट्यांसकट गुंडाळली. ती चित्रे तिच्या गावी लागली की नाही, मला ठाऊक नाही.

त्या संध्याकाळविषयी आजवर मी जे जे ऐकले त्या सगळ्याला माझे उत्तर आहे, आणि विचाराल तेव्हा मी ते देईन. फक्त तिच्या त्या शेवटच्या वाक्याला नाही. त्यात चूक नाही.