चढणीवरचा आवाज

पालीच्या नाक्यावर एका वयस्क गृहस्थांनी हात केला, म्हणून मी गाडी थांबवली. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर होते. माझी नवी प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही बॅटरीवर चढण चढू लागली, तसा शेजारी बसलेल्या त्यांचा डावा हात नकळत दाराशी गिअर शोधू लागला.

"इंजिन बंद पडलं काय ओ?"

"नाही काका, आता विजेवर चाललीय. पेट्रोलचं इंजिनही आहे."

ते हसले. "आमची गाडी ह्या चढणीला ओरडायची. तो आवाज ऐकला की घरात बायको भाताचं आधण ठेवायची."

मी बटण दाबलं. इंजिन घुमू लागलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

वाडीशी उतरताना ते म्हणाले, "बरं केलंत. ती गेल्यापासून मी येतोय ते कोणाला कळतच नाय."