सामाईक विहिरीवरची पेटी

आळेफाट्याला एका गॅरेजच्या वर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन टेबलं आणि खालून येणारा ग्रीसचा वास. तिथं बसून मी आणि माझा भागीदार सामाईक विहिरींच्या पाळ्या सांभाळणारं सॉफ्टवेअर करायचो. विहिरीवर स्टार्टरशेजारी आमची पेटी बसायची. ज्याची पाळी, त्याच्याच फोनवरून मोटर चालू. पेटीची तऱ्हा वेगळी, अँड्रॉइडची वेगळी, आयफोनची वेगळी, पण पाळीचा नियम एकच. म्हणून मी दंडकच घातला होता: कोड एकाच जागी राहील, दुरुस्ती तिथंच होईल, आणि तिन्ही गोष्टी तिथूनच तयार होतील.

एवढी साधी गोष्ट, पण भागीदाराच्या टाळक्यात शिरेल तर शपथ. त्याच्या संगणकावर 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल हेच घ्या' असे फोल्डर. चूक अँड्रॉइडमध्ये सुधारायचा, आयफोनमध्ये तशीच नांदायची. भावाभावांनी भांडून चार बोअर घ्यावेत आणि चारही कोरडे निघावेत, तसली अक्कल. मी त्याला गिऱ्हाइकांसमोर झापायचो. तो मुकाट ऐकून घ्यायचा, त्याचाही मला संताप यायचा.

गिऱ्हाइकं तर त्याहून थोर. डिंगोऱ्याच्या एका विहिरीवर तीन भावांचे हिस्से होते. त्यातला एक मुंबईला नोकरीला, त्याची बायको एकटी शेत बघायची. एक दिवस तिचा फोन आला.

"भाऊ, लाईट गेली की माजी पाळी सरती. लाईट येती तवर दिराची पाळी लागल्याली असती. रोप सुकाय लागलंय."

"मावशी, फोन बंद करून चालू करा," मी म्हणालो.

चार दिवसांनी परत तेच. त्या आठवड्यात त्यांच्याकडे डीपीचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरचा घोळ होता, लाईट सारखी जात होती. "दीर म्हनतो, पेटी सांगती तीच पाळी," ती म्हणाली. मला हसू आवरेना. "मावशी, माणूस खोटं बोलेल, मशीन नाही बोलत," म्हणून मी फोन ठेवला आणि भागीदाराला तिची नक्कल करून दाखवली. तो हसला नाही. विनोद कळायलाही डोकं लागतं, असं मी मनात म्हटलं.

पुढच्या आठवड्यात ती एसटीनं फाट्यावर आली. पिशवीतून कांद्याच्या रोपाची जुडी काढून तिनं माझ्या टेबलावर ठेवली. पार वाळलेली. वाफेच्या वाफे गेले होते. लागणीला वावर तयार होतं आणि लावायला काडी नव्हती.

मी भागीदाराकडे वळलो. "कुठल्या फायनलमधनं भरलीस यांची पेटी?"

"सामाईक कोडमधनंच," तो म्हणाला आणि त्यानं पडदा माझ्याकडे फिरवला.

खरं होतं. लाईट गेली तरी पेटीचं घड्याळ चालूच राहत होतं. लाईट गेली की पाळी थांबते, आली की उरलेली पुढे चालते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते कोडात लिहायचं मीच विसरलो होतो. उन्हाळ्यात आमच्या निमगाव साव्याच्या विहिरीवर अशीच पाळी बुडाली, तेव्हा वडिलांनी मला शिव्या घातल्या होत्या. मी लॅपटॉप घेऊन विहिरीवर गेलो आणि आमच्या पेटीत चार ओळी घातल्या. सामाईक कोडमध्ये उद्या टाकू म्हटलं. तो उद्या काही उजाडला नाही.

"माजं म्हायेर निमगावचं," ती म्हणाली. "तुमच्याच विहिरीत माज्या भावाचा हिस्सा हाय. तिथं लाईट गेली की पाळी थांबती. मंग माजीच का नाय थांबत?"

भागीदाराला कारण कळलं होतं. त्याच्या जागी मी असतो तर अख्ख्या फाट्याला ऐकवलं असतं. त्यानं पडदा परत स्वतःकडे फिरवून घेतला.

"मावशी, ती चूक मी फक्त आमच्या घरापुरती सुधारली होती," मी म्हणालो.

तिनं जुडी उचलून परत पिशवीत घातली.

"म्हंजी तुमाला ठावं व्हतं," ती म्हणाली. "मंग तवा फोनवर हसत का व्हता, भाऊ?"