खडूची रेघ

गोवंडीला आमच्या खोलीचा दरवाजा पत्र्याचा होता आणि तो कधीच धड लागला नाही. नाला भरला की पाणी सगळ्यात आधी आमच्याकडे यायचं. आई जुनी लुगडी पिळून उंबऱ्याशी कोंबायची, त्यावर पाटा ठेवायची, आणि आम्ही तिघं भावंडं खाटेवर पाय वर घेऊन बसायचो. माझं बारावीचं फिजिक्सचं पुस्तक दोनदा भिजलं. तरी मी बी.एस्सी. झाले. बापाचं जालन्याकडचं अख्खं घराणं धरलं, तरी कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणालाही सांगते. कमावलंय, मग लाजायचं कशाला?

नोकरी लागली ती अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात. तिथे लढाऊ जहाजांचे दरवाजे बनायचे. जहाजाला भोक पडलं तर पाणी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून बंद करायचे, ते पोलादी दरवाजे. मी क्वालिटीला. पहिल्या दिवशी नवी फाइल छातीशी धरून उभी होते, तर समोर एक म्हातारा दरवाज्यापाशी उकिडवा बसून कानामागचा खडू काढत होता. खडू म्हणजे खडूच, शाळेतला, पांढरा.

“काका, टेस्ट रिपोर्ट कुठे लिहायचा?” मी विचारलं.

“आधी माका बघूदे, मगे तू लिही,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यांचं काम असं. दरवाज्याच्या चौकटीला चारी बाजूंनी पोलादाची एक पातळ कड असते. तिच्यावर खडू घासायचा. दरवाजा ओढून बंद करायचा, कड्या आवळायच्या, परत उघडायचा. दरवाज्याच्या काळ्या रबरावर पांढरी रेघ उमटलेली असते. रेघ सलग असेल तर रबर सगळीकडे टेकलंय. जिथे तुटली, तिथून पाणी येणार. बस्स. मी तीन वर्षं फिजिक्स शिकले आणि एवढी स्वच्छ परीक्षा एकही पाहिली नव्हती.

रेघ पुरी असली की दरवाज्याच्या आतल्या अंगाला ते खडूने एकच शब्द लिहीत, “बरा”. रंगाला पाठवण्याआधी तो स्वतःच्या बाहीने पुसून टाकत. रंगाखाली खडू राहिला तर रंग पोपडतो म्हणून. आणि रेघ तुटलेली असली, की फिटर कारणं सांगू लागे. रबर कडक आलंय, बिजागरी नवी आहे, काल लाइट गेली होती. काका ऐकून घेत आणि म्हणत, “माका सांगू नको. पाण्याक सांग.”

हे वाक्य त्यांनी मालकालाही ऐकवलेलं मी पाहिलंय. चहावाल्यालाही.

मला ते नावाने कधी हाक मारत नसत. “काय गो बीएस्सी, पुस्तकात पाणी कुठून शिरता?”

“फट असेल तिथून.”

“मगे फट शोध. पुस्तक खय पळान जाता काय?”

मला राग यायचा. सातवी पास माणूस माझ्या डिग्रीला हसतो म्हणजे काय! एकदा चिडून मी आमच्या पत्र्याच्या दरवाज्याची, आईच्या लुगड्यांची सगळी कथा ऐकवली. म्हटलं, पाणी कुठून शिरतं ते मला पुस्तकाने नाही शिकवलं. त्यांनी फक्त आमची गल्ली कुठली ते विचारलं. त्या रविवारी दुपारी म्हातारा आमच्या गल्लीत हजर. काखेत उरलेल्या रबराची गुंडाळी, कानामागे खडू. चार तास खपून त्यांनी आमच्या पत्र्याच्या दरवाज्याला जहाजाचं रबर बसवलं, खडू घासला, बंद केला, उघडला. शेजारपाजार गोळा झाला होता. रेघ पुरी उमटली. “मावशी, आता ह्या दरवाज्यातून थेंब येणार नाही,” ते आईला म्हणाले. त्या वर्षी खरंच नाही आला. मोरीतून आला. आईने ते त्यांना कधी कळू दिलं नाही, मलाही सांगू दिलं नाही.

मग लढाई पेटली.

तुम्हीही ते दिवस पाहिलेत, म्हणून फार सांगत नाही. घाटकोपरला हवाई हल्ल्याच्या भोंग्याची तालीम झाली तर लोक आडोशाला जायचं सोडून गच्चीवर मोबाइल घेऊन उभे. सोसायट्यांच्या ग्रुपवर निवृत्त बँकवाले आरमाराच्या हालचाली ठरवत होते. टीव्हीवर एक जण ओरडून सांगत होता की आपली जुनी जहाजं आता नवी होणार, नवं रडार, नवी क्षेपणास्त्रं. दरवाज्याचं नाव कुणी काढेना. दरवाजा उडत नाही, फुटत नाही, टीव्हीवर दिसत नाही. तो फक्त बंद होतो.

आमच्या मालकांना देशभक्तीचा जोर चढला. गेटवर हा मोठा बॅनर लागला, त्यावर जहाज, जहाजावर सिंह, सिंहाच्या वर मालकांचा फोटो. काका बॅनरखालून जाताना म्हणाले, “सिंव्हाक पोहूक येता काय?”

आणि त्याच आठवड्यात गोदीतून तातडीची ऑर्डर आली. एक जुनी युद्धनौका दुरुस्तीला लागली होती, तिला आठ दरवाजे हवे होते, लगेच. मालकांनी बाहेरून दोन कंत्राटी फिटर आणले. दरवाजे भराभर उभे राहिले. पहिले दोन काकांनी तपासले, “बरा” लिहिलं. तिसऱ्याच्या आधीच मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“दोन पास झाले ना? एकाच मापाचे आहेत सगळे. आठांच्या सर्टिफिकेटवर सही कर. ट्रक खाली उभा आहे.”

“सर, सहा तपासायचे राहिलेत.”

“लढाई चालू आहे, मॅडम. तिकडे पोरं वाट बघतायत. तुमच्या खडूसाठी थांबायचं का त्यांनी?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुझं कन्फर्मेशन पुढच्या महिन्यात आहे ना?”

बापाचं काम सुटलेलं, धाकटी अजून शिकत होती. घर माझ्या पगारावर होतं. मी सही केली. आठ वेळा. सुंदर, वळणदार सही, कॉलेजात सराव केलेली.

खाली आले तर काका तिसऱ्या दरवाज्यापाशी उभे होते. त्यांना कळलं होतं. आमच्या गाळ्यात केबिनची भिंत प्लायवूडची आहे. मला वाटलं, आता आईबहीण निघणार. काही नाही. त्यांनी कानामागचा खडू काढून माझ्या हातात दिला.

“शिकलेली आहेस ना? मार रेघ.”

मी खडू घासला. दरवाजा ओढला, कड्या आवळल्या, उघडल्या. रेघ खालच्या कोपऱ्यापर्यंत छान आली होती. कोपऱ्यात नव्हती. चार बोटं काळं रबर, आणि मग परत रेघ. कंत्राटी फिटरांनी घाईत रबर कोपऱ्यावर ताणून बसवलं होतं. ताणलं की ते पातळ होतं आणि कडेला टेकत नाही.

“चारच बोटं आहेत, काका,” मी म्हटलं. हे वाक्य मी बोलले, आजही मला ऐकू येतं.

त्यांनी “पाण्याक सांग” म्हटलं नाही. म्हणाले, “तुझ्या आईच्या उंबऱ्याखाली फट केवढी होती?”

तिथे दोन बोटं होती.

मी वर गेले. मालक फोनवर कुणाला तरी “राष्ट्र प्रथम” असं काहीतरी सांगत होते. टेबलावरची सर्टिफिकेटं उचलली आणि त्यांच्यासमोर फाडली. फोन खाली ठेवून ते जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. त्यात देश कुठेच नव्हता. मी म्हटलं, “सर, तपासल्याशिवाय दुसरी सही मी करणार नाही. तुमची करा, तुमच्या नावाने. बॅनरवर फोटो आहेच.” त्यांनी केली नाही. बोलघेवड्या माणसाची हीच खूण आहे, तुम्हीही तपासून बघा. घोषणा स्वतःच्या नावाने देतात, सही दुसऱ्याची लागते.

राहिलेल्या सहांपैकी तीन दरवाज्यांची रेघ तुटलेली निघाली. काकांनी रबरं उपटली, नवी कापली, न ताणता बसवली. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून खडू घासत होते. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळे “बरा” बाहीने पुसले आणि दरवाजे रंगाला गेले.

उशीर का झाला, तर “आमच्या जादा गुणवत्ता तपासणीमुळे”, असं मालकांनी गोदीला कळवलं. पुढे कुठल्याशा मंडळाने अंधेरीच्या एका हॉलमध्ये त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, सिंहाची पितळी मूर्ती. भाषणात रडार झालं, क्षेपणास्त्र झालं, मालकांच्या आजोबांचा त्याग झाला. काकांना बोलावणंच नव्हतं. त्याआधीच त्यांना “वय झालं, आता आराम करा” सांगून घरी पाठवलं होतं. मला काढलं नाही; मला काढलं असतं तर कागद का फाटले हे कुणीतरी विचारलं असतं. मीही नोकरी सोडली नाही. तुम्हाला वाटेल, सोडायला हवी होती. तुमच्या घरी परवडलं असतं.

शेवटच्या दिवशी मी त्यांना म्हटलं, “काका, तुमचं कुठेच काही राहिलं नाही. सहीसुद्धा नाही.”

“पाण्याक म्हायती आसा,” ते म्हणाले. डबा उचलला, आणि बॅनरखालून न जाता कडेने वळसा घालून गेले. आता ते मालवणकडे गावी असतात. फोन उचलत नाहीत. उचलला तर, “बोल गो बीएस्सी,” आणि मग माझ्या आईची चौकशी.

गाळ्यात आता नवं मशीन आलंय, आवाजाच्या लहरींनी फट शोधणारं. मीच चालवते. आधी खडू घासते, मग मशीन लावते. नवे फिटर हसतात. हसू देत.

ती युद्धनौका लढाई संपायच्या आधी समुद्रात गेली. तिच्यावर आमचे आठ दरवाजे आहेत. आठही तपासलेले आहेत, आणि आठांच्या सर्टिफिकेटवर खाली माझी सही आहे.