संताजीराव काटे आणि मुंगसाची जपानी मालिका

आडनाव काटे, आणि नोकरी घड्याळाला काटे बसवायची. बसवनगुडीतल्या प्रत्येक माणसाने यावर एकदा तरी विनोद केलेला होता, आणि संताजीराव दर वेळी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत.

त्यांचे पूर्वज घोड्यावरून दक्षिणेत आले होते म्हणे. घोडे गेले, मराठी राहिली. ती मराठीही अशी, की आम्ही पुण्याहून नवीन आलो तेव्हा मला निम्मी कळायची नाही. मी "काय म्हणालात?" विचारलं की ते म्हणत, "स्वल्प थांबा नीलाक्का, कन्नडात सांगतो." मला कन्नड येत नाही हे काही त्यांच्या लक्षात राहत नसे.

यशवंतपूरला सुवर्णमुखी क्लॉक वर्क्स नावाचा गजराच्या घड्याळांचा लहानसा कारखाना होता. तिथे ते फिटर होते. एकोणीसशे चौसष्ट साली कारखान्याने एका जपानी कंपनीशी करार केला आणि संताजीरावांना सहा महिने नागोयाला शिकायला पाठवलं. कामाच्या ठिकाणी एक इंग्रजी जाणणारा दुभाष्या असे, त्यामुळे काम अडलं नाही. पण संध्याकाळी खाणावळीत परत आलं की बोलायला कुणी नाही. जेवणाच्या खोलीत मालकीणबाईंचा टेलिव्हिजन होता. दर गुरुवारी साडेसहाला हलत्या चित्रांची एक मालिका लागे, आणि सगळे जण हातातला भाताचा वाडगा तसाच धरून त्याच्यासमोर बसत. संताजीरावही बसू लागले.

त्यांनी जे पाहिलं ते परत आल्यावर आम्हाला सांगितलं. आम्ही विचारत होतो भूकंपाबद्दल, बुद्धाच्या मूर्तीबद्दल, आगगाड्यांबद्दल. ते म्हणाले, "ते राहू द्या की. आधी मुंगसाचं ऐका."

मुंगूस रेल्वे स्टेशनच्या छपरावर राहायचं. त्याच्यामागे एक मिशाळ माणूस लागलेला. आणि मुंगूस, मिशाळ, हमाल, कावळे, सगळे अधूनमधून डोळे वटारून ओरडायचे, "नानी?" नानी म्हणजे आईची आई, एवढी दख्खनी उर्दू संताजीरावांना येत होती. तेव्हा गोष्ट उघडच होती. मुंगसाची नानी हरवली आहे, तिला मिशाळाने पळवलं आहे आणि सबंध जपान तिला शोधतो आहे. मुंगसाचा एक कावळा मित्रही होता. त्याला सगळे "बाका" म्हणून हाक मारत, म्हणून त्याचं नाव बाका.

संताजीरावांनी चोवीस गुरुवार पाहिले. नानी काही सापडली नाही, आणि तेवढ्यात विमानाचं तिकीट आलं.

गोष्ट नुसती तोंडी सांगून त्यांचं समाधान होईना. "चित्र हलतंय हो, ते कसं सांगू?" म्हणून त्यांनी लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याच्या कोपऱ्यांवर मुंगूस काढलं. पत्रिका भराभर सोडल्या की मुंगूस उडी मारायचं. पण बघायला एका वेळी एकालाच जमे, आणि व्हरांड्यात माणसं वीस. शेवटी ते स्वतःच उभे राहिले.

जपानी हलत्या चित्रांत माणूस बोलतो तेव्हा फक्त त्याचे ओठ हलतात, बाकी सगळं अंग थिजलेलं असतं. संताजीराव तसेच देवळातल्या मूर्तीसारखे ताठ उभे राहून केवळ ओठ हलवीत. दुःख झालं की डोळे मोठे करीत, इतके की त्यांच्या बायकोला, सकवारबाईंना, भीती वाटे. आणि पळायचं असलं की ते जागच्या जागी पळत. त्यांच्यामागे सकवारबाई आणि शेजारच्या शारदाबाई एक जुनं धोतर या टोकाकडून त्या टोकाकडे ओढत. धोतरावर खडूने नारळाची झाडं, दिव्याचे खांब आणि एक म्हैस काढलेली होती. जपानी चित्रांत म्हैस नव्हती, ती शारदाबाईंनी हट्टाने घालायला लावली.

समोरच्या घरातले कृष्णमूर्ती हे तार ऑफिसातून निवृत्त झालेले, चुका शोधण्यात पटाईत. ते पहिल्याच शनिवारी म्हणाले, "काटे, हीच म्हैस मघाशी गेली."

"तिथंही तेच झाड परत परत येतंय, अण्णा. मी स्वतः मोजलंय. एका पळण्यात नऊ वेळा."

"मग मुंगूस गोल गोल पळतंय का?"

"नाही, सरळच पळतंय. जपान लहान देश आहे."

हे कृष्णमूर्तींना पटलं.

दर शनिवारी संध्याकाळी गर्दी वाढत गेली. कार्तिकात शेंगदाण्यांची जत्रा आली, तेव्हा घराघरांत पाहुणे उतरलेले. सगळे पाहुणे शनिवारी व्हरांड्यात. आणि मग घोळ झाला. मिशाळ आला की तुमकूरचे कुणाचे तरी मामा विचारत, "हा कोण?" ओठ हलले की धारवाडची कुणाची तरी आत्या म्हणे, "यांना लकवा झालाय काय?" संताजीरावांना दर दोन वाक्यांनी थांबून मागचं सगळं सांगावं लागे. तीन शनिवार मुंगूस छपरावरून खालीच उतरलं नाही.

"नीलाक्का, तुमचं अक्षर चांगलंय," ते माझ्याकडे येऊन म्हणाले. "नवीन माणसांसाठी एक माहितीपत्रक लिहून द्या. ते वाचल्याशिवाय कुणाला पायरी चढू देणार नाही."

मी लिहिलं, त्यांनी सांगितलं. कार्बन लावून पाच प्रती काढल्या. कृष्णमूर्तींनी कन्नड केलं. एक प्रत अजून माझ्याकडे आहे, त्यातलं थोडं इथे देते.

"जपानी हलत्या चित्रांची मालिका, नवख्यांसाठी ओळख. इंग्रजी सिनेमाच्या आधी पाच मिनिटं उंदीर-मांजर दाखवतात, तसलं हे नव्हे. ही गोष्ट एका दिवसात संपत नाही. आठवडाभर वाट पाहायची तयारी असेल त्यानेच बसावं. चित्रातल्या माणसाचे डोळे बशीएवढे असतात. तो आजार नाही. कपाळावर घामाचा एकच मोठा थेंब आला, तर तो माणूस खजील झाला असं समजावं. उन्हाळ्याशी त्याचा संबंध नाही. कुणी उंच उडी मारून हवेतच थांबला आणि भाषण करू लागला, तर खाली केव्हा पडणार असं विचारू नये. भाषण संपल्यावर पडेल. बाका हे कावळ्याचं नाव आहे. मिशाळ दुष्ट आहे, त्याच्याकडे पाहून हसू नये. नानी अजून दिसलेली नाही. नानी कुठे आहे हे संताजीरावांनाही ठाऊक नाही, तरी त्यांना रस्त्यात अडवून विचारू नये."

शेवटचं वाक्य सकवारबाईंनी घालायला लावलं. भाजी आणायला गांधी बाजारात गेलेला माणूस नानीपायी दोन दोन तास परत येत नसे.

पत्रकाने काम सोपं झालं. लोक वाचून येऊ लागले. तुमकूरच्या मामांनी तर पाठच केलं, आणि ते शनिवारी खास तुमकूरहून येऊ लागले.

सहासष्टच्या फेब्रुवारीत कारखान्यात नवीन यंत्र बसवायला नागोयाहून एक इंजिनियर आले. नाव हिराबायाशी. संताजीरावांनी त्यांना शनिवारी फराळाला बोलावलं. सकवारबाईंनी नाव ऐकलं ते "हिराबाई", म्हणून त्यांनी हळदीकुंकवाची तयारी केली आणि ओटीसाठी खण-नारळ काढून ठेवला. दारात चष्मा आणि टाय लावलेला बाप्या उभा पाहून त्या कुंकवाचा करंडा पदराआड धरून तशाच आत गेल्या. नारळ वाया जाऊ नये म्हणून नंतर त्यांनी तो देऊनच टाकला.

फराळ झाला. हिराबायाशींना उप्पिट फार आवडलं. मग गर्दी जमली, धोतर ताणलं गेलं, आणि संताजीराव उभे राहिले. पाहुण्यांना आपल्याच देशातलं काही दाखवायचं म्हणून त्या दिवशी त्यांना विशेष चेव चढला होता. ते थिजले, पळाले, डोळे मोठे केले आणि हात वर करून ओरडले, "नानी?"

हिराबायाशी दचकले. त्यांनी मागे वळून पाहिलं. मग हळूच इंग्रजीत विचारलं, "कशाबद्दल विचारतायत ते?"

कृष्णमूर्ती तारेसारखं इंग्रजी बोलत, मोजकेच शब्द वापरून. ते म्हणाले, "ग्रँडमदर. मिसिंग."

पुढची दहा मिनिटं या दोघांचं बोलणं चाललं. आम्ही सगळे कृष्णमूर्तींच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यांच्या कपाळावर खराच घाम आला. शेवटी ते उठले आणि आपल्या कन्नड वळणाच्या मराठीत म्हणाले, "काटे, स्वल्प बसा. हे म्हणतात, नानी म्हणजे 'काय?'"

"काय म्हणजे?" संताजीरावांनी विचारलं.

"नानी म्हणजे काय."

"तेच विचारतोय अण्णा, काय म्हणजे?"

"अहो, 'काय' म्हणजे नानी! त्यांच्या भाषेत नानी हा शब्दच 'काय' असा आहे. ते सगळे 'काय? काय?' असं ओरडतायत. आजी नाहीच. आणि बाका म्हणजे मूर्ख. आणि ते मुंगूस नाही, दुसरंच काही जनावर आहे, आपल्याकडे होत नाही."

"आणि मिशाळ?"

कृष्णमूर्तींनी खाली पाहिलं. "स्टेशनमास्तर. मुंगूस गाडीत छत्री विसरलं होतं. ती परत द्यायला मागे पळतोय."

शारदाबाईंच्या हातून धोतराचं टोक सुटलं. संताजीराव काही क्षण तसेच उभे राहिले, आणि या वेळी ते नाटक नव्हतं. मग "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, असं कन्नडात पुटपुटत ते आत गेले.

मी आत डोकावले. स्वयंपाकघरात पाटावर बसून ते पाणी पीत होते. सकवारबाई शेजारी उभ्या होत्या.

"सहा महिने बघितलं मी," ते म्हणाले. "एक अक्षर कळलं नव्हतं. आणि सगळ्या गावाला पत्रक वाटलं."

"मग काय झालं?" सकवारबाई म्हणाल्या. "तुम्ही कुणाचं वाईट केलं काय? बाहेर लोक बसलेत."

बाहेर वेगळंच सुरू होतं. शारदाबाई हिराबायाशींवर खवळल्या होत्या. "एक छत्री द्यायला चोवीस आठवडे? आमचा पोस्टमन शिवाप्पा पायाने लंगडा आहे, पण तो सकाळचं टपाल सकाळीच आणून देतो! कृष्णमूर्ती, विचारा यांना, शेवटी काय होतं?"

कृष्णमूर्तींनी विचारलं. हिराबायाशी अवघडून म्हणाले, "माझी मुलं पाहायची. छत्री दिली. मग दोघांनी चहा घेतला."

"बस?"

"बस."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. तुमकूरचे मामा उठले, खिशातून पत्रक काढलं आणि सगळ्यांसमोर वाचलं, "मिशाळ दुष्ट आहे." पत्रक परत खिशात घालून ते म्हणाले, "यात लिहिलंय ते मी पाठ केलंय. आता छत्रीबित्री चालायची नाही."

"जपान्यांची गोष्ट जपान्यांना लखलाभ," शारदाबाई म्हणाल्या. "आमची नानी आम्हाला पाहिजे."

कृष्णमूर्तींना वाटलं, पाहुण्यांचा अपमान होतोय. त्यांनी घाबरत घाबरत हे इंग्रजीत सांगितलं. हिराबायाशींनी सगळं ऐकलं, कोट काढून खुर्चीवर ठेवला, बाह्या वर केल्या आणि शारदाबाईंच्या हातून सुटलेलं धोतराचं टोक उचललं. मग आतल्या दाराकडे तोंड करून ते मोठ्याने म्हणाले, "काटे-सान! नानी?"

संताजीराव बाहेर आले. डोळे पुसलेले होते, पण मान ताठ. ते जागेवर उभे राहून पळू लागले. हिराबायाशींनी जोर लावून धोतर ओढलं ते उलट्या बाजूला. झाडं, खांब आणि म्हैस सगळी पुढे पळाली आणि संताजीराव उलटे मागे जाताना दिसू लागले. कृष्णमूर्ती खुर्चीवरून घसरेपर्यंत हसले. त्यांना हसताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

पत्रकात मात्र दुरुस्ती झाली. संताजीराव म्हणाले, खोटं लिहून ठेवायचं नाही. मी खाली ओळ घातली: "जपानात हीच गोष्ट वेगळी आहे. तिथे छत्री आहे. ज्यांना छत्री हवी असेल त्यांनी जपानला जावं."

पुढे वर्षभर गोष्ट चालली. पण आता पाहिलेले गुरुवार संपले होते, आता सगळं मनाने रचायचं होतं. संताजीराव कारखान्यात काटे बसवताना विचार करीत आणि संध्याकाळी बसमध्ये आपल्याशीच ओठ हलवीत. दोनदा कंडक्टरने त्यांना विचारलं, तब्येत बरी आहे ना. सदुसष्टच्या उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, नानी सापडली. तिची भूमिका सकवारबाईंनी केली. दोन वर्षं धोतर ओढून आपले खांदे दुखतात, आता आपल्यालाही मधे उभं राहायचंय, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. मिशाळाने नानीला कोंडलेल्या पेटाऱ्यातून त्या बाहेर आल्या, सगळ्यांकडे बशीएवढे डोळे करून पाहिलं आणि मिशाळाच्या, म्हणजे संताजीरावांच्याच, कानाखाली एक ठेवून दिली. ती जरा खरीच बसली. लोकांनी टाळ्यांनी व्हरांडा डोक्यावर घेतला.

पुढच्या शनिवारी सवयीने सगळे जमले. दाराला कुलूप. शारदाबाईंनी सांगितलं, दोघं कब्बन पार्कला फिरायला गेलीयत, लग्नाला अठरा वर्षं झाली पण कधी एकत्र फिरायला गेली नव्हती. लोक थोडा वेळ पायऱ्यांवर बसले. कृष्णमूर्तींनी घरून चकल्यांचा डबा आणला. कुणी पावसाचं बोललं, कुणी मुलीच्या स्थळाचं, आणि दिवे लागायच्या सुमाराला सगळे आपापल्या घरी गेले.