पंचनदी लीगची शेवटची बास्केट

नागपुरातली मे महिन्यातली दुपार. कूलरच्या टाकीत पाणी ठिबकतंय, ठप, ठप, ठप, आणि गार फरशीवर पालथी पडलेली सुनिधी गभणे डोळे मिटता मिटता थेंबांमधलं अंतर मोजतेय. संख्याशास्त्राची एमएस्सी आहे ती. मोजल्याशिवाय तिला झोपही येत नाही. तळहाताखाली एक पिवळी पडलेली स्कोअरशीट आहे. मार्च १९८६, वैनगंगा विरुद्ध कन्हान. पंचनदी बास्केटबॉल लीगचा शेवटचा सामना.

विदर्भातल्या पाच नद्यांच्या नावाचे पाच संघ, पगार घेऊन खेळणारी पोरं, तीन हिवाळे, आणि मग खेळ खलास. या लीगचा इतिहास सुनिधी दोन वर्षं लिहितेय. उद्या हस्तलिखित द्यायचंय आणि शेवटचं प्रकरण अडलंय. हा सामना कन्हानने एकसष्ट-साठ असा जिंकला, अगदी शेवटच्या क्षणी पडलेल्या बास्केटवर. ती टाकली कोणी? कन्हानचे तीन म्हातारे खेळाडू नातवंडांच्या शपथा घेऊन "मीच" म्हणतात. शीटवर ती चार नंबरच्या, म्हणजे कप्तानाच्या नावावर आहे, आणि कप्तान म्हणतो, "बाई, मी तेव्हा मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होतो." वैनगंगेकडून खेळलेला एक माणूस याच घरात राहतो. तिचे बाबा. पण बास्केटबॉलचं नाव काढलं की ते उठून बागेला पाणी घालायला जातात.

ठप. ठप. थेंब जवळजवळ येतात. हे पाणी नाही, हा चेंडू आहे.

"काहून गं पोट्टे, सामना सुरू हाय अन् तू झोपून राहिली?"

मोठेबाबा! बाबांचे थोरले भाऊ, लीगचे स्कोअरर, तीन वर्षांपूर्वी गेलेले. संत्र्यांच्या खोक्यांवर फळी टाकून त्यांनी टेबल केलंय, कानावर ती लाल-निळी पेन्सिल आहे, एका टोकाला लाल शिसं, दुसऱ्या टोकाला निळं. सुनिधीला इतका आनंद होतो, की कसे आहात हे विचारायचंही सुचत नाही. दोन वर्षं ऐकीव गोष्टींवर काढल्यावर साक्षात स्कोअरर समोर बसलाय!

"मोठेबाबा, शेवटची बास्केट कोणाची?"

"बस तर खरी. मेल्या माणसाला कोणी पाणी तरी विचारते, हे बाई थेट मुलाखत घेते!"

ती खोक्यावर बसते. खोकं एसटीचं बाकडं होतं, आणि बस डांबरी मैदानाच्या मधोमध धावतेय. कंडक्टरच्या डोक्यावर बास्केटची रिंग लटकतेय. दोन्ही संघ उभ्याने प्रवास करतायत आणि खेळतायतही. मागच्या दाराशी अकरा नंबरची बनियन घातलेला एक काटकुळा पोरगा उभा आहे. त्याचे कान थेट बाबांसारखे आहेत.

"बेरीज जुळते," सुनिधी घाईघाईने म्हणते, "पण माणसं जुळत नाहीत. तिघं म्हणतात मी, आणि ज्याच्या नावावर आहे तो म्हणतो मी नाही."

"चौघंही खरं बोलून राहिले. तिघांचे हात वर होते, हे मी पाह्यलं. पण हात किती होते?"

"सहा."

"सात! एमएस्सी ना तू? नियमाचं पुस्तक वाचलं का नाही? आपल्याच रिंगमधे चुकून चेंडू टाकला, त पॉइंट कोणाच्या नावावर लिहितेत?"

बस थांबते. नियम तिने वाचलाय, पाठही आहे. तो लावून पाहायचं सुचलंच नाही. "समोरच्या संघाच्या कप्तानाच्या!"

"हाव. चूक करणाऱ्याचं नाव लिहायला शीटवर रकानाच नसते."

अकरा नंबरचा पोरगा उडी मारतो. चेंडू बाहेर ढकलायला त्याचा डावा हात वर जातो, बोटांना चेंडू लागतो, आणि शिट्टी वाजते. आता ते स्वयंपाकघरात आहेत. रिंग फ्रीजच्या वर आहे, जाळी अजून हलतेय, आणि तो पोरगा ओट्याकडे तोंड करून उभा आहे.

"सुध्याले, तुह्या बापाले, वाटते त्याच्यापायी लीग बुडाली," मोठेबाबा हळू आवाजात म्हणतात. "हाफ टाइमले वैनगंगेची पोरं मरगळली होती. मी म्हटलं, जिंका लेकहो, जिंकले त मालक आणखी एक वर्ष लीग चालवते."

"आणि ते खरं नव्हतं?"

"बंद करायचं पत्र पहिल्या हाफमधेच हाती आलं होतं माह्या. पण शेवटचा सामना रडत खेळावा का कोणी? म्हणून थाप मारली. मग सांगायला गेलो, त हा उठून जाय. अडतीस वर्षं, पोट्टे. तूच सांग त्याले."

"पण पुरावा? माझ्या स्वप्नावर बाबा कसा विश्वास ठेवतील?"

मोठेबाबा कानावरची पेन्सिल काढतात, बोटांत फिरवतात. लाल टोक वर, मग निळं, मग लाल. "पहिला हाफ कोणत्या रंगानं लिहितेत?"

"लालने. दुसरा निळ्याने."

"मंग नीट पाहून घे ना, बाप्पा!" ते खळखळून हसतात आणि तिच्या तळहातावर लाल टोक दाबतात. ते गार लागतं, पाण्यासारखं.

कूलर घरघरतोय. सुनिधी ताडकन उठून बसते. तुषारांनी ओलसर झालेली शीट तळहाताला चिकटलीय. ती अलगद सोलते. तळहातावर अक्षरं उमटलीत, उलटी आणि लाल. शीटच्या अगदी तळाशी, एकसष्ट-साठच्या निळ्या आकड्यांखाली, मोठेबाबांच्या हातचे दोन शब्द: लीग समाप्त. शंभरदा वाचलेले. रंग एकदाही पाहिला नव्हता.

"बाबा! ओ बाबा!"

बाबा टरबुजाची ताटली घेऊन दारात येतात. "काय झालं? साप निघाला का?"

ती तळहात त्यांच्यासमोर धरते. "हा कोणता रंग?"

"लाल. का बरं?"

"आणि मोठेबाबा लाल कधी वापरायचे?"

"पहिल्या हाफ..." बाबा थांबतात. ताटली खाली ठेवतात, खिशातून चष्मा काढतात, शीट खिडकीच्या उजेडात धरतात. बराच वेळ बोट त्या दोन शब्दांवरून फिरतं, मग वर निळ्या आकड्यांवर जातं, परत खाली येतं.

"आधीच लिहिलं होतं त्यानं," ते म्हणतात. "सामना संपायच्या आधीच."

"हो, बाबा."

बास्केटबॉलच्या गोष्टीला बाबा फरशीवर मांडी घालून बसतात, अडतीस वर्षांत पहिल्यांदा. डावा हात वर करून बोटं एकदा उघडतात, मिटतात.

"पेन घे," ते म्हणतात. "सातवा हात माझा होता."