गिरीधररावांना न दिसलेली लाल पट्टी

गिरीधरराव जन्मले चेन्नईत, पण घराणं तंजावरचं. त्यांची जुन्या वळणाची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आवरलं नव्हतं. ते त्यांनी पाहिलं, आणि रागवायचं सोडून दुसऱ्या दिवसापासून कंपनीच्या बसमध्ये माझ्यासाठी खिडकीची जागा धरायला लागले. अण्णा नगर ते इरुंगाट्टुकोट्टै हा चांगला तासाभराचा प्रवास. मी पुण्याहून नुकता आलेलो, तमिळचा गंध नाही. तेवढ्या तासात मी जे काही बोलायचो ते या एका माणसाशी.

आमचा कारखाना गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवतो. गिरीधररावांनी तिथे एकतीस वर्षं नियोजन सांभाळलं. कुठलं काम कधी सुरू होणार, कधी संपणार, हे ते ग्राफपेपरवर रंगीत पेन्सिलींनी आडव्या पट्ट्या काढून भिंतीवर लावायचे. रखडलेल्या कामाची पट्टी लाल. माणूस अगदी मऊ, पण लाल पट्टी दिसली की त्या विभागात जाऊन ठाण मांडायचे आणि काम हललं की मगच उठायचे. निवृत्तीला चार महिने उरले होते. नवी उत्पादन लाइन त्यांनीच आखली होती, तेव्हा ती सुरू होईपर्यंत वर्षभराची मुदतवाढ देतो, असं कारखानाप्रमुख शेषगिरींनी तोंडी सांगून ठेवलं होतं. "येक तुकडा निघालेला पाहिला की मी सुटलों," असं गिरीधरराव बसमध्ये दर दोन दिवसांनी म्हणायचे.

मग नियोजनाचं सॉफ्टवेअर आलं, आणि ते सगळ्यांना शिकवायचं काम माझ्याकडे. तसं सोपं होतं. प्रोजेक्ट उघडायचं, वर 'व्ह्यू'वर क्लिक करायचं, खाली यादी उघडते तिच्यात 'टाइमलाइन' निवडायचं, की पट्ट्या समोर. गिरीधररावांना नुसती कामांची यादीच दिसत राहायची.

"तंबी, पट्ट्या कोठें गेल्या रे?" ते माझ्या टेबलापाशी येऊन हळूच विचारायचे. तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. विचारायचे ते मराठीतच, कारण आजूबाजूला कनका आणि इतर मुलं बसलेली. त्या सगळ्यांना नियोजन त्यांनीच शिकवलेलं, आणि आपल्याला एवढं जमत नाही हे त्यांना कळू नये, ही धडपड. कनकाला मराठीचा एक शब्द समजत नव्हता.

नवव्या खेपेला माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या लॅपटॉपवर एक शॉर्टकट करून दिला, क्लिक केलं की थेट टाइमलाइन. चारशे ओळी बघून ते गांगरतात म्हणून वर फिल्टर लावला: फक्त नियोजन विभागाची कामं. बाकीच्या विभागांच्या पट्ट्या दिसेनाशा झाल्या. "आता फक्त यावर दाबायचं," मी म्हणालो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. फिल्टरचं त्यांना सांगितलंच नाही. उद्या काढू म्हटलं आणि विसरलो. विसरलो हे मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे त्यांचं येणं थांबलं, त्यात मी खूश होतो.

नव्या लाइनीचं एक फिक्श्चर, म्हणजे मशीनवर तुकडा घट्ट धरून ठेवणारा सांगाडा, कोइमतूरहून यायचं होतं. काम टूल रूम या विभागाचं. ते नऊ दिवस रखडलं. गिरीधरराव रोज सकाळी शॉर्टकट दाबत होते आणि त्यांना सगळं हिरवंगार दिसत होतं. ग्राहकाची माणसं चाचणीसाठी आली आणि तशीच परत गेली.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. प्रोजेक्टरला जोडायला त्यांनी लॅपटॉप माझ्या हातात दिला. कोपऱ्यात फिल्टरचं इवलंसं चिन्ह होतं. बघताक्षणी मला सगळं समजलं. मी एक क्लिक केलं, फिल्टर काढला, आणि मग वायर जोडली.

भिंतीवर लाल पट्टी उमटली.

"राव, नऊ दिवस ही इथे आहे," शेषगिरी म्हणाले. "तुम्हाला दिसली नाही?"

गिरीधररावांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. माझ्याकडे पाहिलं. संशयानं नव्हे, मदतीसाठी. मी वायर नीट करत राहिलो. शॉर्टकट मी करून दिला होता हे त्या खोलीत आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

"नाही दिसली सर," ते म्हणाले. "माझी चूक."

मुदतवाढ मिळाली नाही. निरोप समारंभात मी भाषणसुद्धा केलं, आणि ते चांगलं झालं असं लोक म्हणाले. इतका मी निर्लज्ज.

दोन महिन्यांनी हिय्या करून त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी सुंदरीकाकूंनी दार उघडलं आणि आत नेण्याआधी दबक्या आवाजात सांगितलं, "एग्मोरच्या इस्पितळांत जाऊन डोळे दाखवले. डोळे बरे आहेत म्हणाले डॉक्टर. आतां हे म्हणतात, मग माझ्या डोक्याचंच कांही बिघडलं. गॅस बंद आहे का पाहायला तीनदां उठतात. स्कूटर विकून टाकली. उद्यां मेंदूचा स्कॅन आहे."

मी आत गेलो आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. शॉर्टकट, फिल्टर, मीटिंगच्या आधीचा तो एक क्लिक.

 ते आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "सुंदरी! माझं डोकं बरं आहे गं!" मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांना राग यायला फुरसतच नव्हती, इतका त्यांना आनंद झाला होता.

"हें तिथें सांगशील?" शेवटी त्यांनी विचारलं. "अस्क्यांच्या समोर?"

"सोमवारी सगळ्यांसमोर सांगतो," मी म्हणालो.

सोमवारी मीटिंगमध्ये उभा राहून सांगितलं. शेषगिरींनी घड्याळ पाहिलं. "ठीक आहे, झालं ते झालं. पुढचा मुद्दा." नवी लाइन आदल्याच आठवड्यात सुरू झाली होती. कनकानं एकदा मान वर केली आणि पुन्हा मोबाइलमध्ये घातली.

संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाले?"

"फार हळहळले," मी म्हणालो. "सगळेच."

"कनका पण?"

"कनका पण."