फडक्याखालचा लॅपटॉप

मॅडमनी माझ्या लॅपटॉपवर फडकं टाकलं. पोह्यांच्या बशा पुसायचं, हळदीचे डाग पडलेलं. क्लायंट जिना चढत होते. "अगं, झाक ते आधी. लोक आपल्याकडे घर सजवून घ्यायला येतात, भंगार बघायला नाही." हसत म्हणाल्या. सदाशिव पेठेत अपमानसुद्धा शुद्ध भाषेत करतात.

आमचं इंटिरियरचं ऑफिस. घरांची चित्रं मी काढते, कॉम्प्युटरवर. ओटा कुठे, कपाट कुठे, खिडकीतून ऊन कुठवर येणार. क्लायंट यायचा असला की ऑफिसात एक विधी असायचा. हळदीकुंकवाला चांदीची भांडी मांडतात ना, तसे महागडे लॅपटॉप टेबलावर मांडायचे, झाकणावरचं चिन्ह क्लायंटकडे करून. ज्याच्याकडे तसला लॅपटॉप, तो पुढे बसणार. माझा जाडजूड, काळा, वापरलेला घेतलेला. खडकवासल्याच्या पुढच्या आमच्या गावातून रोज माझ्याबरोबर बसनं येणारा. म्हणून मी मागे, पॅन्ट्रीत.

आणि माझी चित्रं? ती मॅडमचा भाचा ईशान दाखवायचा. मी फाइल द्यायची, त्यानं त्याच्या चकचकीत पडद्यावर उघडायची. एरवी त्या लॅपटॉपवर तो मेल वाचायचा आणि क्रिकेट बघायचा. एवढ्या किमतीत क्रिकेट मात्र फार सुंदर दिसायचं. त्या दिवशी क्लायंटबरोबर आलेल्या काकू म्हणाल्या, "किती छान काढलंय. कोणी केलं?" ईशान म्हणाला, "थँक यू." मी आत कप विसळत होते. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी कप विसळतच राहिले.

संध्याकाळी मॅडमना म्हणाले, माझी चित्रं मला दाखवायचीत, मला पुढे बसायचंय.

"बस की. तसला एक घे हप्त्यावर. ऑफिसची काही शोभा आहे की नाही?"

गेले की दुकानात. खोटं कशाला बोलू, हात लावला आणि हरखले. हलका, गार, पडदा असा की डोळे निवावेत. घेणारच होते. मग पेनड्राइव्हवरचं माझं एक चित्र त्यावर उघडून बघितलं. रंग जरा खुलले होते. ओटा तिथंच होता. खिडकी तिथंच होती. ज्याचं कामच त्याच्यावाचून अडतं, त्यानं खुशाल घ्यावा. माझं अडत नव्हतं. मला खरं तर विकली जात होती ती खुर्ची. माझ्याच कामासमोर बसायची खुर्ची, तीही हप्त्यावर. दुकानदाराला म्हटलं, राहू द्या.

घरी आईला सांगितलं. तिनं विचारलं, "त्या जुन्यावर काम व्हतंय ना?"

"व्हतंय."

"मग कोण नाचवतंय तुला?"

पुढच्याच आठवड्यात कात्रजचं एक जोडपं आलं. फडकं पुन्हा आलं. मी ते उचललं, नीट घडी केली आणि मॅडमच्या पुढ्यात ठेवलं. ईशान बसायच्या आत त्याच्या खुर्चीत बसले, माझा काळा ठोकळा उघडला. आतला पंखा घरघरला. मी म्हणाले, "ही चित्रं मी काढलीत. यावरच." मॅडमचं तोंड बघण्यासारखं झालं. त्या बाईंनी झाकणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, गॅसचा सिलिंडर कुठे बसणार. मी दाखवलं.

ते गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वेळी आपण विचारून बसलात तर बरं होईल." अगदी 'आपण'.

"विचारणार नाही," मी म्हणाले.

नोकरी राहील नाहीतर जाईल. ज्यांना माणसाचं काम लॅपटॉपच्या झाकणावरून ओळखावं लागतं, त्यांची पूर्वी मला भीती वाटायची. आता किळस येते. माझं काम जिथं उघडेल, तिथं मी बसणार. पुन्हा कुणाचा हात फडकं घेऊन आला, तर तो मनगटात धरणार. क्लायंटसमोर धरणार.